मिठाचं पाणी आणि हळद

विज्ञान शिकवणाऱ्या बाईकडे आठवणी मागायला सहसा कोणी येत नाही. मराठीच्या बाईंकडे जातात, गाण्याच्या बाईंकडे जातात. यंदा मात्र माझीच एक विद्यार्थिनी, जी आता दिवाळी अंकाचं काम बघते, घरी आली आणि म्हणाली, "बाई, प्रयोगशाळेतलं काहीतरी लिहा. धूर, भडका, स्फोट, असलं काही." माझ्या वर्गात एकदाही स्फोट झाला नाही, आणि याचा मला अभिमान आहे. जे झालं ते फार शांतपणे झालं. तेच लिहिते.

आधी प्रयोग सांगते. शाळा सुटल्यावर ज्यांनी विज्ञानाचं पुस्तक पुन्हा उघडलं नाही त्यांची अडचण नको. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घ्यायची आणि तिच्यात मिठाचं दाट पाणी भरायचं. नळीच्या दोन्ही तोंडांतून एकेक कार्बनची कांडी आत सोडायची. त्या कांड्या तारांनी बॅटरीला जोडायच्या. थोड्या वेळानं दोन्हीकडे बुडबुडे येऊ लागतात. बॅटरीच्या ऋण टोकाकडच्या कांडीपाशी हायड्रोजन निघतो आणि तिथल्या पाण्यात कॉस्टिक सोडा तयार होतो. धन टोकाकडे क्लोरीन निघतो. तो डोळ्यांना झोंबतो, घशात खवखवतो आणि रंग खाऊन टाकतो. रोज भाजीत टाकतो त्या मिठाच्या पोटात हे सगळं असतं, एवढं मुलींना पटवून देणं हे माझं काम.

भिंगारच्या मुलींच्या शाळेत तेव्हा साहित्य बेताचंच होतं. कांड्या आम्ही टॉर्चच्या संपलेल्या सेलमधून काढायचो. सेल फोडला की आतली काळी भुकटी हाताला चिकटायची आणि दिवसभर निघायची नाही. बॅटरी बाजारातल्या एका ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजातून यायची. गॅरेजवाले चाचा ती सायकलच्या कॅरिअरला बांधून स्वतः घेऊन येत आणि जाताना न चुकता म्हणत, "बाई, दुपारपर्यंत द्या परत. गाडी खडी टाकायला जायचीय." क्लोरीनचा वास शेजारच्या वर्गात गेला की गाण्याच्या बाईंचा सूर बिघडायचा आणि त्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्या एकदा नाकाला पदर लावून आल्या आणि संडास कोणी धुतला म्हणून विचारून गेल्या.

कॉस्टिक सोडा पाण्यात झाला तरी डोळ्यांना दिसत नाही. तो दाखवायला फिनॉल्फ्थॅलिन नावाचं एक रसायन लागतं. त्याचे थेंब टाकले की पाणी गुलाबी होतं. आमच्या शाळेतली ती बाटली मी नोकरीला लागायच्या आधीच रिकामी झाली होती आणि नवी काही येत नव्हती. म्हणून मी हळद वापरायला लागले. हळद स्पिरिटात भिजवून गाळायची आणि तो पिवळा अर्क मिठाच्या पाण्यात घालायचा. सोडा तयार झाला की हळद तांबडी होते. घरी कुंकू करताना हळदीला खार लावतात ते याचसाठी. वीज सुरू झाली की नळीची एक बाजू हळूहळू लालभडक व्हायची, दुसऱ्या बाजूचा रंग क्लोरीन खायचा आणि ती पांढरट पडायची, मध्ये वाकणाशी पिवळं तसंच राहायचं. हे बघायला मुली टेबलावर अक्षरशः ओणव्या व्हायच्या. विद्युत अपघटन हे पुस्तकातलं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळ्या शाळेत त्याला कुंकवाचा प्रयोगच म्हणायचे.

भिंगार हे लष्कराचं गाव. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या वर्गांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते. माझ्या कितीतरी मुलींचे वडील आघाडीवर होते. हजेरी घेताना एखादी मुलगी नुसतं डोळे वर करून बघायची, 'हजर' म्हणायची नाही, आणि मी काही न बोलता पुढचं नाव घ्यायची. लढाई संपली, कागद निघाले, त्यांच्या खळीचे डाग मात्र राहिले.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली आणि कुसुम आली.

तिला तिचा थोरला भाऊ घेऊन आला होता. तो लष्कराच्या भांडारात कामाला होता आणि भिंगारातच राहायचा. कुसुम वीस वर्षांची असेल नसेल. फिकट निळं पातळ, कपाळ मोकळं, हात मोकळे. काखेत दोन वर्षांची पोर. पारनेर तालुक्यातल्या एका गावात तिचं सासर होतं. नवरा लष्करात शिपाई, तो त्या डिसेंबरात गेला. लग्नाआधी ती दहावी पास झाली होती. तेव्हा शाळा अकरावीपर्यंत असायची, म्हणजे तिचं एकच वर्ष राहिलं होतं.

मोठ्या बाईंनी तिला विचारलं, "अकरावी करून पुढे काय करणार?"

"नर्स व्हायचंय," ती म्हणाली. "मालकांना लागल्यावर ते दवाखान्यात दोन दिवस हुते. तिथल्या सिस्टरनं कळवलं आमाला. त्येंनी पानी मागितलं, मी पाजलं, आसं तिनं लिहिलं हुतं. मला तसं काम करायचं हाय."

 मोठ्या बाई पोरीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "हिला कोण सांभाळेल?"

"माझी वैनी हाय," कुसुम म्हणाली.

पोरीचं नाव संगीता, सगळे संगी म्हणायचे. मधल्या सुट्टीत कुसुमची वहिनी तिला शाळेच्या फाटकाशी घेऊन यायची. कुसुम धावत जायची, कडुनिंबाखाली बसून तिला भाकरी कुस्करून भरवायची आणि घंटा झाली की तोंड पुसून वहिनीकडे द्यायची. वर्गातल्या मुली तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. त्या तिला आधी बिचकायच्या, मग गणितं विचारायला लागल्या. गणित तिला चांगलं यायचं.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. शाळेची विहीर आटली होती आणि टँकर येईल तेव्हा पाणी यायचं. प्रयोगाच्या नळ्या आम्ही एकाच बादलीत धुवायचो, त्या बादलीतलं पाणी मग कुंड्यांना जायचं. तरी मी प्रयोग सोडले नाहीत. फळ्यावर चित्र काढून क्लोरीनचा वास येत नाही, असं माझं म्हणणं असायचं. आता विचार केला तर हट्टच होता, पण त्या वयात तो शोभून जायचा.

कुंकवाच्या प्रयोगाची पाळी आली तेव्हा मला आदल्या दिवसापासून कसंतरी वाटत होतं. मुलींच्या सगळ्या तुकड्या मी या प्रयोगाला हसताना, एकमेकींच्या कपाळाला बोट लावायचं नाटक करताना पाहिल्या होत्या. कुसुमला मी तास सुरू व्हायच्या आधी बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तू लिटमस कागदानं कर. तोही चालतो. निळा झाला की सोडा झाला असं समजायचं."

ती म्हणाली, "परीक्षेत हळदच दिली तर, बाई?"

"परीक्षेत हळद देत नाहीत. ती माझी सोय आहे."

"मंग समद्यांनी हळदीवर केलं आन मी एकटीनं कागदावर, ह्ये बरं दिसतं का?" असं म्हणून ती आपल्या जागेवर गेली.

त्या दिवशी वर्गात कोणी हसलं नाही. कुणी कुणाला सांगितलं होतं कोण जाणे, पण साऱ्या मुली शांत होत्या. कुसुमनं नळी स्टँडला लावली, कांड्या सोडल्या, तारा जोडल्या. तिचा हात स्थिर होता. नळीची एक बाजू लाल व्हायला लागली तशी तिच्या शेजारची मुलगी दुसरीकडे बघायला लागली. मी प्रत्येकीला निरीक्षण तोंडी सांगायला लावत असे. बाकीच्या मुली दर वर्षी "कुंकवासारखं झालं" म्हणायच्या. त्या दिवशी त्या अडखळल्या. कुसुमनं मात्र सरळ सांगितलं, "ऋणाग्राजवळचं द्रावण तांबडं झालं. धनाग्राजवळचा रंग गेला."

मग तिनं नळीच्या तोंडाशी हात हलवून वास घेतला, मी शिकवला होता तसा, आणि तिचा चेहरा बदलला. "बाई, ह्यो तर टँकरच्या पान्याचा वास."

"बरोबर. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात. तिच्यातही क्लोरीन असतो. त्यानं रोगजंतू मरतात."

तिनं लगेच विचारलं, "मंग मिठापासून गावाचं पानी शुद्ध करता यील का?"

इतकी वर्षं तो प्रयोग दाखवला, हा प्रश्न मला तिच्याआधी कोणी विचारला नव्हता आणि नंतरही फार थोड्या जणींनी विचारला. मी तिला सांगितलं की कारखान्यात तसंच करतात, फक्त वीज फार लागते. ती म्हणाली, "आमच्याकडं मीठ हाय. वीज न्हाई." वर्गात पहिल्यांदा हशा पिकला, तीही हसली. मला फार बरं वाटलं. वाटलं, सुटले.

पण भिंगारात कुसुमच्या सासरच्या गावचे दोघंतिघं कामाला होते. गोष्ट शनिवारच्या एसटीनं गावी गेली आणि जाताना बदलत गेली. कुसुमच्या सासूच्या कानावर ती पोचली तेव्हा तिचं रूप असं झालं होतं की, भिंगारच्या शाळेत विधवेला कुंकू करायला लावतात आणि दुसरं लग्न जमवून देतात.

सासूचं नाव भागूबाई. एक दिवस तिसऱ्या तासाला त्या थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. उंच, सुकलेली बाई, पायांत वहाणा नाहीत, कपाळ सुनेसारखंच मोकळं. नवरा गेला तेव्हा मुलगा पाळण्यात होता. त्याला एकटीनं वाढवलं आणि त्यालाही गमावलं. दुष्काळी कामावर खडी फोडून त्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"तुमीच का त्या बाई?" त्या म्हणाल्या. "माझ्या सुनंला कुकू करायला शिकिवता, आसं गावात बोलत्यात. खरं हाय का?"

मी म्हटलं, "मावशी, बसा. खरं काय ते तुम्हाला दाखवतेच."

वर्ग मी बाहेर झाडाखाली पाठवला. कुसुमला थांबवलं. बॅटरी नेमकी त्या दिवशी होती. कुसुमनं सासूकडे न बघता सगळं मांडलं. भागूबाई स्टुलावर न बसता जमिनीवर बसल्या. नळी दिसेना तेव्हा उठून टेबलाशी आल्या आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या, काही मोडेल म्हणून.

हळदीचं पाणी तांबडं होऊ लागलं. त्या नळीवर आणखी वाकल्या.

"कशानं झालं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"मिठातनं सोडा निघाला, आत्याबाई. सोड्यानं हळद तांबडी व्हती."

"कपाळाला लावलं तर?"

उत्तर मी दिलं. "लावू नका, मावशी. त्यात कॉस्टिक सोडा आहे. कातडी पोळते."

"आन हिकडं पांढरं का पडलं?"

"तिकडे निघणारा वायू रंग खातो."

भागूबाईंनी मान हलवली. त्यांचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. त्या पुन्हा खाली बसल्या आणि माझ्याशी नाही, सुनेशीच बोलू लागल्या. "माझं कपाळ पुसलं तवा मी तुज्यापरीस ल्हान हुते. हळदीला शिवू देत नव्हते कुनी. हितं तू त्यात हात घालून हुभी ऱ्हातीस आन कुनी काय म्हनत न्हाई."

कुसुम म्हणाली, "अभ्यास हाय त्यो, आत्याबाई."

"व्हय. शीक तू. मी आडवी यायची न्हाई." मग त्यांनी चिंधी बांधलेल्या हातानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पर संगी मला दे."

कुसुमचा हात तारेवर होता, तो तसाच राहिला.

"घरात मानूस न्हाई," भागूबाई म्हणाल्या. "खडी फोडून सांच्याला घरी जाते तर दार उघडायचं मन हुत न्हाई. तुला पुढं नर्सच्या शाळंत जायचं, तितं पोर घेत न्हाईत, आसं तुजा भाऊ म्हनला. मंग तिला वैनीच्या हाती ठिवनार, ती माझ्या हाती दे. त्याचं तेवढंच ऱ्हायलंय."

मी त्या खोलीत उगाच उभी होते. कुणाचं चूक आहे असं म्हणायला जागाच नव्हती. कुसुमनं बॅटरीची तार सोडवली, नळी बादलीत धुतली, फडक्यानं पुसून रॅकवर ठेवली. मग म्हणाली, "न्या. तिला भात मऊ लागतो. उन्हात नेऊ नका."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फाटकाशी कोणी आलं नाही. कुसुम सवयीनं झाडापर्यंत गेली आणि तिथून परत आली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. प्रात्यक्षिकाला नगरच्या केंद्रावर तिला मोरचुदाच्या द्रावणाचा प्रयोग आला. त्यात कांडीवर तांबं चढतं. तिला तो उत्तम जमला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला नंतर विचारलं, ही मोठी मुलगी कोण, हात फार स्वच्छ चालतो तिचा. ती पास झाली. पुण्याच्या एका इस्पितळात नर्सिंगला प्रवेश मिळाला. साडेतीन वर्षांचं शिक्षण, राहणं वसतिगृहात. जाताना मला भेटायला आली तेव्हा तिनं पांढरी साडी घेतली होती, गणवेशाची. ती म्हणाली, "बाई, ह्या रंगाचं आता कुनाला काय वाटनार न्हाई."

दिवाळीला तिला पहिली मोठी रजा मिळाली. ती नगरला उतरली आणि माझ्याकडे आली. "माझ्यासोबत गावाला येता का? संगीला दिल्यापासून मी गेलेच नाही, मला एकटीला जायला भीती वाटते." तिची भाषा तेवढ्या महिन्यांत बदलली होती. 'न्हाई'चं 'नाही' झालं होतं. मला दिवाळीची सुट्टी होती, मी निघाले.

गावी पोचलो तेव्हा संगी ओट्यावर चिंचोके मांडून बसली होती. कुसुमनं पिशवीतून फ्रॉक काढला. पुण्यात शिवून घेतला होता, मापासाठी आठवणीतली संगी धरून. तो खांद्यातून शिरेना. पोर वाढली होती, हे तिच्या हिशेबात आलंच नव्हतं. संगी तिच्याकडे नीट निरखून बघत होती. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं तिनं विचारलं, "तुमी कुन्या गावच्या?"

"मी तुझी आई, संगी," कुसुम म्हणाली. "मी येणार होते ना? तुला सांगितलं नाही का कोणी?"

पोर हसायला लागली. तिला ते बोलणंच गमतीचं वाटलं असावं. "न्हाई ला नाही म्हनती," असं म्हणत ती आत पळाली आणि ओरडली, "आई, पावनी आली."

आतून भागूबाई आल्या. ती हाक त्यांना होती. त्या दारातच थांबल्या. आम्हा दोघींची तोंडं पाहून त्यांना काय झालं ते कळलं. "म्या शिकिवलं न्हाई गं," त्या सुनेला म्हणाल्या. "तुझी शपत. समदी पोरं आई म्हनत्यात, तशी ही बी म्हनाय लागली. म्या दोनदा सांगितलं, आजी म्हन. मंग तिसऱ्यांदा न्हाई सांगितलं."

कुसुम म्हणाली, "असू द्या, आत्याबाई."

भागूबाईंनी संगीचा फ्रॉक उसवून बघितला, बगलेत कापड जोडता येईल का म्हणून. जोडता येण्यासारखं नव्हतं. दोन दिवस आम्ही राहिलो. संगी कुसुमच्या मागेपुढे करायची, गोष्ट सांगा म्हणायची, केस विंचरून घ्यायची. झोपायला मात्र भागूबाईंच्या कुशीत जायची आणि जाताना पाहुणीला विचारायची, "तुमी उद्या जानार?"

पुढची तीन वर्षं असंच चाललं. रजा मिळाली की कुसुम जायची. संगी तिला पुण्याची बाई म्हणायला लागली होती.

शिक्षण पूर्ण झालं, जिल्ह्यातच एका तालुक्याच्या दवाखान्यात नेमणूक झाली, राहायला खोली मिळाली. तेव्हा कुसुम संगीला न्यायला गेली. त्या वेळी मी बरोबर नव्हते. परतताना ती सरळ शाळेत आली. मधली सुट्टी होती. प्रयोगशाळेत मी एकटीच नळ्या लावत बसले होते. ती आत आली आणि स्टुलावर बसली. एकटीच होती.

"संगी?" मी विचारलं.

"ठेवून आले."

मी हातातलं काम ठेवलं. ती सांगू लागली. भागूबाईंनी काही आडकाठी केली नाही. पोरीचे कपडे धुऊन घड्या घालून ठेवले होते, दप्तर भरलं होतं, वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या होत्या. स्टँडवर सोडायलाही त्या आल्या. एसटी सुरू होईपर्यंत संगी गप्प होती. तिला वाटत होतं आई पण चढणार. गाडी हलली आणि भागूबाई खालीच राहिल्या, तेव्हा तिला कळलं.

"रडली असती तर मी समजूत घातली असती," कुसुम म्हणाली. "ती रडलीच नाही, बाई. नुसती थरथर कापायला लागली. अंगावर काटा. दातखीळ बसल्यासारखं तोंड. मी नाडी बघितली. मी नर्स ना आता. आजारी माणसाची बघावी तशी मी माझ्या पोरीची नाडी बघत होते, आणि मला कळत होतं की हिला झालंय ते माझ्यामुळे."

पुढच्या थांब्याला तिनं गाडी थांबवायला लावली, पोरीला घेऊन उतरली आणि उन्हातून चालत परत गेली. भागूबाई स्टँडवरून हललेल्या नव्हत्या. कुसुमनं संगीला त्यांच्या हाती दिलं आणि आलेली दुसरी गाडी धरली.

"त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"पाया पडत होत्या माझ्या. सासू पाया पडते का सुनेच्या? मी पळून आले."

मी तिला पाणी दिलं. ते ती प्यायली, पदरानं तोंड पुसलं. घंटा झाली आणि मुली प्रयोगाच्या तासासाठी दाराशी जमल्या, तशी ती उठली. जाता जाता एका मुलीच्या हातातली सैल तार तिनं सहज घट्ट करून दिली.

नंतर तिनं आयुष्यभर त्या तालुक्यात काम केलं. साथीच्या दिवसांत गावोगाव फिरून विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकून घ्यायची. लग्न पुन्हा केलं नाही. विचारणारे होते. संगी नववीत असताना भागूबाई गेल्या. शेवटचं आजारपण कुसुमनंच काढलं, त्यांना आपल्या खोलीवर आणून. त्यांच्या पश्चात संगी तिच्याकडेच राहिली, शिकली, लग्न होऊन संगमनेरला गेली. मला वाटायचं, उशिरा का होईना, दोघी एकमेकींना सापडल्या. लोकही तसंच म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं.

कुसुम निवृत्त झाल्यावर मी तिच्याकडे गेले होते. मीही तोवर कधीची निवृत्त झाले होते. चहा झाला. संगीचा फोन येऊन गेला. बोलणं नीट, प्रेमाचं होतं. मी म्हटलं, "आता आई म्हणते ना तुला?"

"म्हणते की," कुसुम म्हणाली. "लग्नात सासरच्या लोकांसमोर पहिल्यांदा म्हणाली. मुलं झाल्यापासून तर सारखंच. त्या बाबतीत काही तक्रार नाही, बाई." मग ती कपबशा उचलायला लागली आणि उचलता उचलता थांबली. "बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. रात्रभर कळा देत होती. तेव्हा 'आई, आई' करत होती. मी तिच्या उशाशी, हात धरून. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती. त्यानंतरही कधी ताप चढला की तसंच. ती हाक मला नसते."

मी तिच्या हातातल्या कपबशा घेतल्या.

"पण ओ मीच देते," ती म्हणाली.